विभूती लावलेली बॅट

लातूर, ६ जुलै २०२५

माधवराव यांना गुरुबसप्पाचा शरणार्थ.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही, त्यामुळं तो कापताही येत नाही. तुम्ही नाही उघडला तर मंजुश्री उघडील. सून मास्तरीण असली की घरात आलेलं अक्षर वाचल्याशिवाय राहत नाही.

इकडं खुशाल आहे. भांड्यांचं दुकान चालतंय. अंबिकेचे गुडघे चालत नाहीत, पण तोंड चालतं. मी रोज संध्याकाळी टेबल टेनिसच्या हॉलवर जातो. तुमच्या जागी अजून कुणी मिळालं नाही. म्हणजे माणसं पुष्कळ आहेत, पण डबल्सला जोडी लावू म्हटलं की ज्याला त्याला घरी काम निघतं.

आता बॅटीचं. उदगीरची फायनल आपण हरल्यावर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "अप्पा, ही बॅट तुमची नाही, तुमच्या नातवाची आहे." मी म्हणालो, "मग नातवासंगंच जोडी लावा." झालं, बोलून गेलो. पण त्यावर पंधरवड्यात गाव सोडून लेकाकडं नांदेडला जायचं म्हणजे जरा जास्तच झालं. तीस वर्षं एका टेबलाच्या एका बाजूला उभं राहिलेली माणसं आपण.

आणि बॅट चांगलीच आहे. कार्बनचं ब्लेड, दोन्ही बाजूंना चिकट रबर, खाली दोन मिलिमीटरच्या वर स्पंज. मोबाइलवर एका पोरानं समजावून सांगितलं की जगातले पहिल्या दहातले लोक अशीच वापरतात. हात नुसता लावायचा, चेंडू पळतो. परवा जरा जास्त पळाला आणि पाण्याच्या माठात पडला, ते वेगळं. सवय होईल.

तुमचा,
गुरुबसप्पा


लातूर, २४ ऑगस्ट २०२५

माधवराव,

उत्तर नाही. हरकत नाही, मला लिहायला आवडू लागलंय.

हॉलवर संगमेश नावाचा पोरगा येतो. बँकेत आहे, उंच आहे, तुम्ही गेल्यावर बदलून आला. त्याची सर्व्हिस म्हणजे गारुडी. चेंडू इकडं येतोय म्हणावं तर तिकडं जातो. काल मी त्याच्याकडून हरलो. हॉलमधली ट्यूबलाइट फडफडत होती. त्याच्या आदल्या दिवशी हरलो तेव्हा लाइट ठीक होती, पण त्या दिवशी त्याला ताप होता आणि तापातल्या माणसाला मारायला माझं मन होईना.

अंबिका विचारते, "रोज जाताय अन् रोज तोंड पाडून येताय. जाताय तरी कशाला?" मी म्हणालो, बॅटीची सवय करतोय. ती म्हणाली, "सहा महिन्यांत सून सुद्धा घरात रुळते."

तुमचा खेळ चालू आहे का? विष्णुपुरीला तुमच्या नातवाच्या, मिहिरच्या कॉलेजात टेबल आहे असं ऐकलं होतं. तुमच्या फोरहँडच्या फटक्याला तिथं कुणी थांबत असेल असं वाटत नाही.

गुरुबसप्पा


लातूर, ४ ऑक्टोबर २०२५

माधवराव, बसून वाचा.

खंडेनवमीला दुकानातली हत्यारं पुजतो आम्ही, तुम्हाला माहीत आहे. तराजू, हातोडी, पत्र्याची कातर सगळं पाटावर मांडून. या वेळी अंबिकेनं माझी बॅटही त्यात मांडली. का, तर "आठ महिने तुमच्या हातात तेच हत्यार हाय". आणि मांडली ती मांडली, दोन्ही बाजूंच्या रबरावर ओल्या विभूतीची तीन तीन बोटं ओढली. मी दुकानात नारळ फोडत होतो, मला पत्ता नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर हॉलवर गेलो. पिशवीतून बॅट काढली तर ती कपाळाला भस्म लावलेल्या जंगमासारखी माझ्याकडं बघतेय. पुसायला कापड नव्हतं, सदऱ्याच्या टोकानं पुसली. विभूती काही गेली नाही, उलट साऱ्या रबरभर पसरली. संगमेश समोर उभा, "अप्पा, खेळायचं का आरती करायची?" म्हटलं टाक सर्व्हिस.

त्यानं ती गारुडी सर्व्हिस टाकली. इतके महिने तो चेंडू माझ्या बॅटीला लागला की छताला तरी जायचा नाहीतर जाळीत. त्या दिवशी तो लागला आणि गप बसला. माधवराव, मी काही केलं नाही. बॅट पुढं धरली एवढंच. चेंडू जाळीवरून पलीकडं गेला आणि ओल्या गोणपाटासारखा पडला. संगमेश जोरात मारायला गेला, जाळीत. पुन्हा सर्व्हिस, पुन्हा तेच. तो बॅटीकडं बघतो, मी बॅटीकडं बघतो. त्याचा सगळा फिरकीचा कारभार त्या विभूतीवर घसरून चालला होता.

मी जिंकलो. लाइट चांगली होती आणि त्याला ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी खुशीच्या भरात बॅट ओल्या स्पंजानं घासून लखलखीत केली आणि गेलो. हरलो. सरळ हरलो. तिसऱ्या दिवशी अंबिकेला म्हणालो, "जरा परत पूजा कर की." ती म्हणाली, "आज काय हाय?" म्हटलं, काही नाही, साधा दिवस आहे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी तसाच दुकानात गेलो. देवाची विभूती खेळात वापरायची नाही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे.

पण माधवराव, एक गोष्ट डोक्यात शिरली ती निघत नाही. ती बॅट चुकत नव्हती. ती जे करायला बनवली तेच करत होती. मीच ते करणारा माणूस नव्हतो.

गुरुबसप्पा


लातूर, २६ ऑक्टोबर २०२५

माधवराव यांना शरणार्थ.

तुमचं कार्ड आलं. आठ महिन्यांनी आलं आणि तेही चार ओळींचं. तीन ओळी हवेच्या. चौथी: "विभूती लावलेल्या रबरानं मिळवलेला विजय नियमात बसत नाही." मी ते कार्ड गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवलंय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, आमच्या मित्राचं लई गोड पत्र हाय.

संगमेशही तेच म्हणाला. रबराला काही फासलं की पंच बॅट बाहेर काढतो. पण पुढं म्हणाला, "अप्पा, विभूतीचं काम करणारं रबर विकत मिळतं की." मी उडालो. अँटीस्पिन म्हणतात त्याला. दिसायला साध्या रबरासारखं, पण पकड नाही. दुसऱ्याची फिरकी त्यावर चालत नाही. तरुण पोरं घेत नाहीत, कारण त्यानं स्वतःलाही फिरकी देता येत नाही. मला कुठं द्यायचीय?

मग मी जे दुकानात रोज करतो ते पहिल्यांदा स्वतःवर केलं. बाई कुकर मागायला आली की मी कुकर दाखवत नाही. आधी विचारतो, घरात माणसं किती, गॅस का चूल, उचलणार कोण. पंगतीची कढई घेऊन जाणारे असतात, मग दोन माणसांचं पिठलं तिच्या बुडाला चिकटतं आणि शिव्या मला. इतकी वर्षं लोकांना हे विचारलं, आणि बॅट घेताना स्वतःला एक प्रश्न नाही विचारला. आता विचारला. अप्पा, तुम्ही पळता का? नाही. टेबलापासून मागं जाता का? गेलो तर परत येत नाही. मारता का? वर्षातून दोनदा, चुकून. मग करता काय? थोपवतो. समोरचा कंटाळेपर्यंत थोपवतो.

थोपवणाऱ्या माणसाची बॅट बनवून घेतली. पाच थरांचं साधं लाकूड, कार्बन नाही. डाव्या अंगाला अँटीस्पिन. उजवीकडं साधं रबर, खाली दीड मिलिमीटरचाच स्पंज, म्हणजे चेंडू हाताला कळतो. मूठ सरळ घेतली. शेवटाला पसरट होणारी माझ्या जाड बोटांत घट्ट बसायची आणि मनगट अडायचं. दुकानाच्या काट्यावर दोन्ही बॅटी ठेवून बघितल्या. कार्बनवाली आपल्या आमटी वाढायच्या डावापेक्षा जड. ती संगमेशला देऊन टाकली. त्याच्या हातात ती शहाण्यासारखी वागते.

आता खरं काम. जानेवारीच्या अकरा तारखेला नांदेडला पासष्टीच्या पुढच्यांची डबल्स आहे. नावं एकतीस डिसेंबरपर्यंत द्यायची, जोडीनं. मी दिवसभर थोपवीन. समोरच्यांचा वैतागून उंच चेंडू येईल, आणि तो तुमच्या वाट्याला येईल. तुम्ही फक्त फोरहँड मारायचा. तुमचं नाव देऊ ना?

गुरुबसप्पा


लातूर, २३ नोव्हेंबर २०२५

माधवराव,

"मी खेळणं सोडलं आहे. दुसरा जोडीदार पाहावा." वाचलं. गणिताच्या मास्तराला उत्तर लिहिता येतं, रीत दाखवायला नको का?

आधीच लिहून ठेवतो, मंजुश्रीनं मला तुमच्या खांद्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही. तिला काही बोलू नका. मी फोन केला तो तिच्या शाळेच्या जेवणाला मोठी पातेली लागतात का विचारायला. बोलता बोलता तिनं एवढंच सांगितलं की बाबांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, शर्ट घालायला मिहिर लागतो, आणि उदगीरच्या आधीपासून असंच होतं पण कुणाला सांगायचं नाही म्हणाले. खांद्याबद्दल असं काही बोलली नाही.

मी फोन ठेवला. गिऱ्हाइकानं पराती दाखवा म्हटलं तर डबे दाखवले.

सोबत एक बॅट पाठवतोय. दुकानात पडून होती. कोणाचीही नाही. हलकी आहे, नुसती लाकडी. फोरहँडच्या बाजूला आखूड दाण्यांचं रबर आहे, दाणे बाहेर. अशा रबरावर समोरच्याची फिरकी फारशी चढत नाही आणि मोठा हात फिरवावा लागत नाही. टेबलाशी उभं राहून कोपरापासून नुसतं ढकललं तरी चेंडू सपाट जातो. संगमेशनं रबर चिकटवलं, कडा मी कातरल्या. म्हणजे मी कातरल्या असं नाही, ती पडूनच होती.

हात कानाच्या वर न जाणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बघा. तुमच्या ओळखीत असेल कुणी.

गुरुबसप्पा


लातूर, २१ डिसेंबर २०२५

माधवराव,

तुम्ही बॅट परत पाठवलीत. चिठ्ठीत लिहिलंत, "ही म्हाताऱ्याची बॅट आहे. मी म्हातारा झालेलो नाही, फक्त खेळत नाही." म्हणून तीच बॅट पिशवीत घालून मी परवा एसटीत बसलो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते लिहून काढल्याशिवाय करमत नाही.

तुम्ही ओसरीवर खुर्चीत होतात, पेपर डाव्या हातात. मला बघून उठला नाहीत.

"का आलात?"

"बँकेचं काम होतं."

"नांदेडला तुमची बँक नाही."

"मग विष्णुपुरीचं धरण बघायला आलो."

"ते पावसाळ्यात बघतात, दरवाजे उघडल्यावर."

मंजुश्री चहा घेऊन आली आणि हसू दाबत आत गेली. तुम्ही तिच्याकडं बघितलंत. मी म्हणालो, तिनं काही सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, "ते कळलंच तुमच्या पत्रावरून."

मग मिहिरनं कॉलेजच्या हॉलची किल्ली पुढं केली. तो किल्ली आधीच मागून आला होता, यात माझा हात नाही, थोडा आहे. तुम्ही चप्पल घालायलाच दहा मिनिटं लावलीत. हॉलमध्ये बॅट हातात घेतलीत आणि पहिल्याच चेंडूला जुना मोठा फटका काढायला गेलात. हात कानाशी आला आणि तिथंच थांबला. तुमच्या तोंडाकडं बघवेना. चेंडू जमिनीवर टपटपत भिंतीला गेला आणि तुम्ही बॅट टेबलावर ठेवलीत.

"बघितलं? झालं समाधान?"

"कोपर अंगाला लावून ठेवा. दार ढकलताय असं करा."

"कुठलं दार?"

"आमच्या दुकानाचं. वरून अडकतं ते. त्याला कधी खांदा लावलाय का तुम्ही? कोपरानं ढकलता."

तुम्ही म्हणालात, "अप्पा, उदगीरला तिसऱ्या गेमपासून हात उचलत नव्हता."

"मग सांगायचं की."

"तुम्ही त्या बॅटीचं इतकं कौतुक करून राहिला होता, मध्ये सांगणार कुठं? आणि सांगितलं असतं तर तुम्ही माझे चेंडू स्वतः मारायला गेला असता."

"डबल्समध्ये तसं चालत नाही. आळीपाळीनंच मारावं लागतं."

"म्हणूनच हाताचं लपवलं आणि बॅटीला नावं ठेवली."

मी चेंडू टाकला.

तुम्ही ढकललात. माधवराव, तो चेंडू माझ्या पोटाजवळून गेला आणि मला दिसला तो मागच्या भिंतीवर. तुम्ही दाण्यांवरून अंगठा फिरवलात, बॅट उलटी करून बघितलीत, जणू दुसऱ्या कुणी मारला होता. "परत टाका." टाकला. "परत." मग आपण किती वेळ खेळलो ते मिहिरला विचारा, त्यानं दोनदा शिपायाला थांबायला सांगितलं. तुमच्या कपाळावर घाम होता. मधे एकदा तुम्ही म्हणालात, "बॅकहँडच्या बाजूचं रबर जरा वेगवान आहे माझ्यासाठी," आणि लगेच पुढचा चेंडू मागितलात, जसं काही बोललाच नाहीत.

शेवटी तुम्ही बॅट पुसलीत, पिशवीत घातलीत, पिशवीची चेन लावलीत. पण पिशवी माझ्या हातात दिली नाहीत आणि स्वतःच्याही घेतली नाहीत. टेबलावर ठेवलीत. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिहिरनं दिवे बंद केले.

मी पिशवी तिथंच सोडून आलो. अकरा तारखेचं मुद्दाम काढलं नाही. तुम्ही नाही म्हटलं असतं तर मला पुन्हा विचारायची हिंमत झाली नसती. अहमदपूर येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो, अहमदपूरला चहा घेतला आणि पुढं लातूरपर्यंत तुम्हाला घातल्या.

नावं द्यायला दहा दिवस आहेत. तुम्ही नसाल तर मी कुणाबरोबरही देणार नाही. धमकी नाही ही. थोपवणाऱ्याबरोबर दुसरा थोपवणारा उभा केला तर सामना संपतच नाही.

गुरुबसप्पा


लातूर, २८ डिसेंबर २०२५

माधवराव यांना गुरुबसप्पाचा अगदी मनापासून शरणार्थ.

आज सकाळी फोन वाजला तेव्हा दुकानात लग्नाची खरेदी चालू होती. वधूचा बाप, वधूची आत्या, चार मावश्या, आणि प्रत्येकीला हंड्याचा वेगळा आवाज ऐकायचा होता. त्या ठणठणाटात तुमचं नाव दिसलं. मी फोन कानाला लावला. तुम्ही हॅलो नाही म्हटलंत, कसे आहात नाही म्हटलंत. म्हणालात, "मिहिरनं दोघांची नावं दिली आहेत. पहिली सर्व्हिस कोण करणार?"

मी हातातला हंडा खाली ठेवला आणि तिथंच पोत्यावर बसलो. एका मावशीनं विचारलं, "काय झालं, कुणी गेलं का?" मी मान हलवून नाही म्हटलं, आणि त्या नादात फोन बंद झाला. परत लावला तर तुम्ही उचलला नाहीत. बरं केलंत. उचलला असता तर मी तुम्हाला हंड्यांचे भाव सांगत बसलो असतो. आत्याबाईंना मी सगळ्यांत मोठा हंडा दाखवला, आणि जावई नांदेडचा आहे असं कळल्यावर वर एक तांब्या भेट दिला. अंबिका म्हणते, असं चाललं तर दुकान जाईल.

ती धपाटे आणि शेंगांची चटणी बांधून देणार आहे. तुम्ही खेळायच्या आधी खाणार नाही हे तिला सांगून थकलो. दहा तारखेला संध्याकाळच्या एसटीनं पोचतो. खांद्याला शेकायची पिशवी मी आणतो, तुम्ही तुमची लपवू नका, ती मंजुश्रीकडं आहे हे मला कळलंय. तिनं सांगितलं नाही.

बॅकहँडचं रबर बदलायचं का? नवं हळू रबर संगमेशकडून कापून घेतलंय, आदल्या रात्री चिकटवू. पटलं नाही तर राहू द्या. हात तुमचा आहे, तुम्हाला कळेल.

आता फोनवर राहिलेलं उत्तर.

पहिली सर्व्हिस तुम्ही करायची. सर्व्हिसला हात वर न्यावा लागत नाही, आणि तुमची ती आखूड, जाळीशी मरणारी सर्व्हिस समोरच्यांना उचलावीच लागते. ते उचलतील. फिरवतील, कापतील, काय करायचं ते करतील. त्याची काळजी तुम्ही करायची नाही. तुमच्यानंतरचा चेंडू माझाच असतो.

फक्त सर्व्हिस टाकली की लगेच डावीकडं सरका. उदगीरला तुम्ही तिथंच खांबासारखे उभे होता आणि मी तुमच्या पायावर पाय दिला.

तुमचा,
अप्पा